तान्ह्या बाळाचा डांग्या खोकला

डांग्या खोकल्याने पछाडलेले चार-पाच वर्षांचे मूल शेजारच्या खोलीत असले, तरी जाणत्या माणसाला निदानासाठी आत डोकावण्याची गरज पडत नाही. मध्ये श्वास घेण्याचीही उसंत न देता एकामागून एक येणाऱ्या उबळी, उबळ ओसरताच आत ओढलेल्या श्वासाचा तो लांबलचक हुंकार आणि पाठोपाठ होणारी वांती, ही त्याची लक्षणे सर्वपरिचित आहेत. परंतु दीड-दोन महिन्यांच्या बाळाच्या बाबतीत व्याधीचे हे परिचित रूपच लोपते, आणि ज्या वयात ती सर्वाधिक घातक असते, नेमकी त्याच वयात ती सर्वांत उशिरा ओळखली जाते. इतक्या कोवळ्या छातीत तो हुंकार काढण्याइतके बळच नसते. बाळाला प्रथम किरकोळ सर्दी होते. ताप बहुधा नसतो, असला तर नाममात्र. मग अंगावर पिता पिता ते मध्येच थांबू लागते, चेहरा लाल होतो, ओठांभोवती निळसर छटा उमटते, आणि कित्येकदा खोकल्याचा आवाजही न होता त्याचा श्वास काही क्षण बंद पडतो. ‘दूध ठसक्याला गेले’ अशी घरच्यांची समजूत होते आणि मौल्यवान दिवस निघून जातात.

या रोगाचा जंतू ब्रुसेल्सच्या पाश्चर संस्थेत झूल बोर्दे आणि ओक्ताव्ह झांगू यांनी १९०६ साली वेगळा करून दाखविला. श्वासनलिकेच्या अस्तरावर जी सूक्ष्म लव असते आणि जिच्या अविरत हालचालीने कफ वर लोटला जातो, त्या लवेलाच तो चिकटतो, तिला निकामी करतो आणि आपले विष शरीरात सोडतो. त्या विषाच्या प्रभावाने रक्तातील श्वेतपेशींची संख्या काही अर्भकांत इतकी बेसुमार वाढते, की फुप्फुसांतील बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त पुढे सरकणे कठीण होते. अशा अवस्थेला पोहोचलेले बाळ उत्तम रुग्णालयातही हाती लागेलच, याची शाश्वती कोणी देऊ शकत नाही. अझिथ्रोमायसिनसारखी औषधे जंतूंचा नायनाट करतात खरी. पण उबळी सुरू झाल्यानंतर दिली तर संसर्ग थांबतो, उबळी मात्र आठवडेच्या आठवडे रेंगाळतात, कारण अस्तराची हानी तोपर्यंत होऊन चुकलेली असते. आपल्याकडे आजही चमचाभर गाढविणीचे दूध पाजण्याची चाल आहे, कोणी मध चाटवितात. या उपायांमागची माया मला नाकारावयाची नाही. तथापि पहिल्याने रोग हटत नाही, आणि मध तर वर्षाच्या आतील बाळाला विषबाधेच्या भयास्तव मुळीच देऊ नये.

तेव्हा खरा बंदोबस्त प्रतिबंधाचाच, आणि त्याचा इतिहास दोन स्त्रियांच्या परिश्रमांशी निगडित आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स या गावी पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोघी सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला होत्या. त्या काळी त्या संपन्न देशातही या खोकल्याने दरवर्षी सुमारे ६,००० जीव जात. १९३२ साली, महामंदीने घरोघरची चूल थंडावलेली असताना, या दोघी दिवसभराचे काम आटोपून संध्याकाळी आजारी मुलांच्या घरी जात, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात खोकणाऱ्या मुलाच्या तोंडासमोर रक्तमिश्रित पोषकद्रव्याची थाळी धरीत आणि तिच्यावर उडालेल्या तुषारांतून जंतू वाढवीत. त्यांतूनच त्यांनी लस सिद्ध केली. १९३४ साली सुरू झालेल्या चाचणीत लस टोचलेल्या ७१२ मुलांपैकी चौघांना आणि न टोचलेल्या ८८० पैकी ४५ जणांना हा रोग झाला. पुढे घटसर्प आणि धनुर्वात यांच्या लसींशी तिचा संयोग होऊन आपल्या परिचयाची त्रिगुणी लस जन्माला आली. या लसीवाचून काय होते, तेही जगाने पाहिले आहे: जपानमध्ये १९७५ च्या सुमारास लसीविषयीच्या भीतीने टोचणी कोलमडली, आणि १९७९ साली तेथे सुमारे १३,००० जण आजारी पडून ४१ दगावले.

आपल्याकडे सरकारी योजनेत ही लस आता पेंटाव्हॅलंट या पंचगुणी लसीच्या रूपाने सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना मिळते. म्हणजे जन्मापासून पहिल्या टोचणीपर्यंत बाळ पूर्णपणे उघडे असते, आणि त्यापुढेही तिसरी मात्रा मिळेपर्यंत त्याचे संरक्षण अपुरेच राहते. या अवधीत जंतू घरात आणतो कोण? बहुतेक वेळा घरातीलच मायेचे माणूस. लसीने वा खुद्द रोगानेही आलेली प्रतिकारशक्ती काही वर्षांत क्षीण होते. त्यामुळे आजोबांचा महिनाभर न हटणारा खोकला किंवा बारशाला आलेल्या आत्याचा ‘साधा’ ठसका हा प्रत्यक्षात डांग्या असू शकतो, आणि त्याची दखल कोणी घेत नाही.

यावर आज सर्वांत खात्रीची तजवीज म्हणजे गरोदर मातेला सत्ताविसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्याच्या दरम्यान टीडॅप, म्हणजे धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला या तिन्हींवरची लस टोचणे. तिच्या रक्तात निर्माण झालेली प्रतिद्रव्ये वारेतून गर्भाकडे जातात आणि जन्मानंतरचे पहिले नाजूक महिने बाळाचे रक्षण करतात. इंग्लंड-वेल्समध्ये २०१२ च्या साथीत वर्षभरात चौदा अर्भके दगावली. साथ चालू असतानाच ब्रिटनने त्याच वर्षी ऑक्टोबरपासून सर्व गर्भवतींसाठी हा उपक्रम सुरू केला, आणि अशा मातांच्या बाळांना या रोगापासून सुमारे नव्वद टक्के संरक्षण मिळते असे तेथील पाहणीत आढळले. भारतातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचीही हीच शिफारस आहे. परंतु सरकारी दवाखान्यात गर्भवतीला मिळणारी टीडी लस धनुर्वात आणि घटसर्प यांपुरतीच आहे. डांग्या खोकल्याचा अंश तिच्यात नाही. परिणामी, ज्या मातेला खाजगी डॉक्टरांचे बिल परवडते तिचेच बाळ सुरक्षित राहते, हा भेद मला असह्य वाटतो आणि सरकारने तो दूर करावा असे माझे स्पष्ट मत आहे.

तोवर प्रत्येक गरोदर स्त्रीने आणि तिच्या घरच्यांनी डॉक्टरांना टीडॅपविषयी आपण होऊन विचारावे, कारण सांगितल्याशिवाय ती मिळतेच असे नाही. खोकणाऱ्या माणसाने, मग तो कितीही जवळचा असो, बाळंतिणीच्या खोलीत पाऊल ठेवू नये. सहाव्या आठवड्याची टोचणी पडशाच्या सबबीवर लांबवू नये. आणि बाळ पिताना निळे पडले किंवा क्षणभर जरी त्याचा श्वास थांबला, तरी सकाळची वाट न पाहता त्याला तडक रुग्णालयात न्यावे.