टाटा इन्स्टिट्यूट, बारावीच्या आधी

बहुतेक वर्षी फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला एका शनिवारी बंगळुरूची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स सर्वांसाठी खुली होते. संस्थापक जमशेटजी टाटा यांची जयंती ३ मार्चला असते आणि त्याच सुमारास हा ‘ओपन डे’ येतो. तिकीट नसतं. सकाळपासून शाळकरी मुलं, आजी-आजोबा आणि नववी-अकरावीतल्या मुलांना घेऊन आलेले आई-वडील गर्दी करतात. बेळगाव-मिरजेकडून येणारी राणी चन्नम्मा एक्स्प्रेस यशवंतपूरला थांबते आणि संस्था तिथून जवळच आहे. जुने ऑटोवाले तिला आजही टाटा इन्स्टिट्यूटच म्हणतात.

आपल्याकडे कॉलेज पाहायला जाण्याची पद्धत जवळजवळ नाहीच. प्रवेश परीक्षेचा निकाल लागतो, मागच्या वर्षीच्या कटऑफची यादी समोर घेऊन घरातले सगळे संगणकाभोवती बसतात आणि पसंतीक्रम भरला जातो. कॅम्पसचं पहिलं दर्शन होतं ते थेट गादी, बादली आणि ट्रंक घेऊन वसतिगृहात पोचण्याच्या दिवशी. चार वर्षं जिथे काढायची, ती जागा न पाहताच ठरते. गुणांवर प्रवेश अवलंबून असताना आधी पाहून काय करायचं, असं पालक विचारतात. पण गुण फार तर दार उघडतात. आत काय चालतं आणि ते आपल्याला आवडेल का, हे पसंतीक्रम भरताना माहीत असायला हवं, आणि ते कटऑफच्या यादीत सापडत नाही.

या आवारात शिरल्यावर आधी दिसते ती करड्या ग्रॅनाइटची, उंच मनोऱ्याची मुख्य इमारत. तिचे वास्तुरचनाकार सी. एफ. स्टीव्हन्स मुंबईचे, त्यांचे वडील एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी बोरीबंदरचं स्टेशन उभारलं. इमारतीसमोर जमशेटजींचा पुतळा आहे आणि त्यांच्या हातात याच इमारतीची प्रतिकृती आहे. संस्था उभी राहिलेली जमशेटजींनी पाहिली नाही. ते १९०४ मध्ये गेले, संस्था १९०९ मध्ये स्थापन झाली आणि पहिले विद्यार्थी आले ते १९११ साली. पैसा टाटांच्या मुंबईतल्या मिळकतींमधून आला, ३७१ एकर जमीन म्हैसूर संस्थानाने दिली. आज या जमिनीवर इतकी झाडी आहे की रस्त्यांनाही गुलमोहर मार्ग, महोगनी मार्ग अशी नावं आहेत आणि रात्री स्लेंडर लोरिस हा टपोऱ्या डोळ्यांचा छोटा प्राणी फांद्यांवरून फिरतो.

मराठी घरातल्या मुलीला घेऊन कोणी इथे येणार असेल, तर येण्याआधी तिला कमला भागवत यांची गोष्ट जरूर सांगावी. लेखिका दुर्गा भागवत यांची ही धाकटी बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही याच संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले, त्यामुळे घरात संस्थेचं नाव लहानपणापासून कानावर पडलेलं. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. अव्वल गुणांनी झाल्यावर कमलाबाईंनी इथे अर्ज केला. त्याच वर्षी सी. व्ही. रामन संस्थेचे संचालक झाले होते. नोबेल मिळवलेल्या या शास्त्रज्ञाने मुलगी म्हणून अर्ज नाकारला. वडिलांनी, काकांनी रदबदली केली, तीही चालली नाही. तेव्हा कमलाबाई स्वतः बंगळुरूला गेल्या आणि रामन यांच्या कार्यालयासमोर त्यांनी सत्याग्रह केला.

प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरलं जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करावं लागेल. आणि प्रयोगशाळेतल्या पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. ही शेवटची अट आज वाचतानाही संताप येतो. कमलाबाईंनी श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध, डाळी आणि कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर काम केलं. वर्ष संपताना रामन यांची खात्री पटली आणि पुढे इतर मुलींसाठीही दार उघडलं. कमलाबाईंनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. लग्नानंतर कमला सोहोनी म्हणून त्यांनी मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राचा विभाग नावारूपाला आणला आणि नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केलं.

ओपन डेला सर्वांत लांब रांगांपैकी एक लागते ती उच्चदाब विद्युत प्रयोगशाळेसमोर. आत प्रचंड विद्युतदाब निर्माण करणारं यंत्र आहे. कडाडून ठिणगी पडते, एक क्षण सगळे दचकतात आणि मग टाळ्या वाजतात. पुढे एरोस्पेस विभागातला वाऱ्याचा बोगदा आहे. यात विमान स्थिर ठेवून हवा पळवतात. प्रतिकृती बोगद्यात बसवायची, तिच्यावरून ठरावीक वेगाने हवा सोडायची आणि तिच्यावर किती जोर येतो हे मोजायचं. मुलाला हे पाहू द्यावं, पण तिथेच थांबू नये. प्रात्यक्षिक दाखवणारी बहुतेक पीएच.डी.चीच मुलं-मुली असतात. उरलेल्या दिवसांत तुम्ही काय करता, हा प्रश्न त्यांना विचारला की खरं बोलणं सुरू होतं: चार महिने न चाललेला प्रयोग, परत आलेला शोधनिबंध, आणि तरीही रोज सकाळी प्रयोगशाळेत यावंसं का वाटतं ते. हे प्रश्न मुलानेच विचारावेत. आई-वडिलांनी दोन पावलं मागे उभं राहावं. मोह आवरणं अवघड जातं, पण प्रश्न वडिलांनी विचारला की उत्तरही वडिलांनाच मिळतं आणि मुलगा फोनमध्ये डोकं घालतो.

गर्दी नसलेल्या विभागांतही डोकवावं. हार्वर्डहून परतलेलं माधव आणि सुलोचना गाडगीळ हे दांपत्य १९७३ मध्ये या संस्थेत आलं. माधवरावांनी इथे परिसरशास्त्राचं केंद्र उभं केलं. पश्चिम घाटावरचा २०११ चा अहवाल त्यांच्याच अध्यक्षतेखालचा. सुलोचनाबाईंचं क्षेत्र मान्सून. १९८० मध्ये त्यांनी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या डी. आर. सिक्का यांच्यासह उपग्रहाच्या चित्रांवरून भारतावरचे ढगांचे पट्टे कसे सरकतात ते मांडलं. पुढे अनंतपूरच्या कोरडवाहू भुईमुगाची पेरणी कधी करावी, या शेतकऱ्यांच्या प्रश्नावरही त्या काम करत राहिल्या. पावसाचा अभ्यास हे पूर्ण आयुष्याचं काम असू शकतं, हे ‘इंजिनीअरिंग की मेडिकल’ एवढंच ऐकत वाढलेल्या मुलाला कुठेतरी दिसायला हवं.

शंभर वर्षं ही संस्था मुख्यतः पदवीनंतरच्या शिक्षणाची होती. बारावीनंतरचा चार वर्षांचा अभ्यासक्रम २०११ मध्ये सुरू झाला, आणि २०२२ पासून गणित व संगणनाचं बी.टेक.ही आहे. जागा मोजक्याच. चार वर्षांच्या विज्ञान पदवीत पहिली तीन सत्रं सगळ्यांना भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र शिकावं लागतं, जोडीला अभियांत्रिकी आणि मानव्यविद्याही; मुख्य विषय त्यानंतर ठरतो. शेवटच्या वर्षी संशोधन प्रकल्प असतो. अकरावीत जीवशास्त्र सोडून ‘सुटलो’ म्हणणाऱ्या मुलाने हे आधीच ऐकलेलं बरं. प्रवेश जेईईसारख्या परीक्षांमधून होतो. कोणती परीक्षा ग्राह्य हे बदलत असतं, म्हणून त्या वर्षाची माहितीपुस्तिकाच प्रमाण मानावी.

पालकांनी विचारायचे प्रश्न वेगळे आहेत आणि त्यासाठी मेसजवळचा कट्टा बरा. विषयात नापास झाल्यावर पुढे काय होतं? मुख्य विषय बदलता येतो का? मन खचलं तर समुपदेशक किती दिवसांत भेटतो? शाळेत पहिला आलेला मुलगा इथे पहिल्यांदाच मागे पडू शकतो. त्या वेळी त्याच्याशी कोण बोलणार, हे जागेच्या नावलौकिकापेक्षा महत्त्वाचं आहे.

ओपन डेची तारीख मात्र नेमकी बोर्डाच्या परीक्षांच्या दिवसांत येते. त्यामुळे बारावीचा मुलगा येऊच शकत नाही. नववी किंवा अकरावीचं वर्ष सोयीचं. बंगळुरूचा प्रवास झेपत नसेल तर २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था लोकांसाठी खुली होते आणि नारायणगावजवळच्या खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण पाहता येते. रामन यांनी १९२८ मध्ये ज्या दिवशी आपला शोध जाहीर केला, तोच हा दिवस. खोडदला जायचं तर सकाळी लवकर निघावं. गावोगावच्या शाळांच्या सहली तिथे येतात आणि दुपारनंतर शास्त्रज्ञांशी निवांत बोलायला मिळणं कठीण होतं.