सावड, नाणं आणि हार्ड डिस्क

जुलै २००१ मध्ये अमेरिकेत दोन गोष्टी घडल्या. नॅपस्टर ही गाण्यांची देवाणघेवाण करणारी सेवा न्यायालयीन लढाईत हरून बंद पडली. त्याच महिन्यात ब्रॅम कोहेन नावाच्या पंचविशीतल्या प्रोग्रॅमरने बिटटॉरेंटची पहिली आवृत्ती लोकांसमोर ठेवली. नॅपस्टरमध्ये गाणी लोकांच्याच संगणकांवर असत, पण कोणतं गाणं कोणाकडे आहे याची यादी कंपनीच्या सर्व्हरवर होती. ती यादी बंद करायला लावली की सगळंच बंद. बिटटॉरेंट मात्र आजही चालू आहे, आणि ते बंद करायचं म्हटलं तर नेमकं कोणाचं दार ठोठावायचं हे सांगता येत नाही.

ही कल्पना कोहेनला एका रात्रीत सुचलेली नव्हती. जी कल्पना पुढे सोळा-सतरा वर्षांनी त्याच्या दुसऱ्या कंपनीचा पाया झाली, तिचं मूळही त्याच्या आधीच्या नोकरीत, २००० सालच्या आसपास, सापडतं. ‘विकेंद्रित’ म्हणवणारे उद्योग नेमके कसे घडतात हे समजून घ्यायचं असेल तर हा एकच धागा धीराने सोडवत गेलेलं बरं. प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारायचा: मधला माणूस काढून टाकला म्हणतात, तर त्याचं काम आता कोण करतंय?

बिटटॉरेंटआधी कोहेन जिम मॅककॉय यांच्या मोजो नेशन या प्रकल्पावर काम करत होता. मोजो नेशनची महत्त्वाकांक्षा मोठी होती. फाइलचे तुकडे करायचे, ते अनोळखी लोकांच्या संगणकांवर विखरून ठेवायचे, आणि जो आपली डिस्क किंवा इंटरनेटची जोडणी इतरांना वापरू देईल त्याला ‘मोजो’ नावाचं डिजिटल चलन द्यायचं. ते चलन खर्च करून आपल्याला हवी ती फाइल मिळवायची. साठवण, शोध, प्रकाशन आणि पैसा, सगळं एकाच यंत्रणेत.

अडचणी दोन बाजूंनी आल्या. चलन म्हटलं की ते काढणारा, त्याचा हिशेब मिटवणारा कोणीतरी लागतो, आणि नव्याने आलेल्या माणसाच्या खिशात काहीच नसतं. दुसरी अडचण माणसांच्या वागण्याची होती. बहुतेक लोक थोडा वेळ डोकावत आणि कायमचे निघून जात. त्यांच्याकडे ठेवलेले तुकडेही त्यांच्याबरोबर जात. प्रकल्प २००२ मध्ये थांबला. तिथला कोहेनचा एक सहकारी झूको विलकॉक्स पुढे विखुरलेल्या साठवणीवर वर्षानुवर्षं काम करत राहिला आणि २०१६ मध्ये झीकॅश हे चलन सुरू करणाऱ्यांत आघाडीवर होता. एका फसलेल्या कंपनीतून निघालेल्या या वाटा पाहिल्या की वाटतं, या क्षेत्रात कंपनी बुडते तेव्हा प्रश्न जिवंत राहतात आणि माणसं ते सोबत घेऊन जातात.

कोहेनने मात्र त्यातला एकच प्रश्न उचलला. नोकरी सोडली, क्रेडिट कार्डांच्या उधारीवर दिवस काढले आणि फक्त एवढंच सोडवलं: एकाच वेळी अनेकांना हवी असलेली मोठी फाइल सगळ्यांपर्यंत कशी पोहोचवायची. शोध टाकून दिला. कायमची साठवण टाकून दिली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चलन टाकून दिलं. माझ्या मते या साऱ्या कहाणीतला सर्वांत हुशार निर्णय हाच. तो का जमला हे समजायला यंत्र आतून पाहावं लागेल.

समजा फाइल १ जीबीची आहे. बिटटॉरेंट तिचे समान तुकडे करतं. २५६ केबीचा एक तुकडा धरला तर ४,०९६ तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याचा २० बाइटचा हॅश काढतात, म्हणजे त्या तुकड्याच्या मजकुरातूनच गणिताने निघालेला ठसा. मजकुरात एक अक्षर बदललं तरी ठसा पूर्ण बदलतो. हे सगळे ठसे एकत्र केले तर जेमतेम ८० केबी होतात. ही छोटी ठशांची फाइल म्हणजे ‘टॉरेंट’. ती एकदा विश्वासू ठिकाणाहून मिळाली की उरलेली १ जीबी कोणाकडूनही घ्यायला हरकत नाही, कारण आलेला प्रत्येक तुकडा ठशाशी ताडून पाहता येतो आणि जुळला नाही तर फेकून देता येतो. माणसावर विश्वास ठेवण्याची गरजच ८० केबीपुरती उरली.

मग तुकडे कोणाकडे आहेत हे कळणार कसं? त्यासाठी ‘ट्रॅकर’ नावाचा एक साधा सर्व्हर असे. तो फाइल ठेवत नाही, ही फाइल सध्या कोण कोण उतरवतंय त्यांचे पत्ते फक्त देतो. पत्ते मिळाले की संगणक आपापसात बोलतात. प्रत्येक जण आपल्याकडे कोणते तुकडे आहेत ते सांगतो, आणि मागताना नियम असा की आपल्या ओळखीच्या संगणकांत जो तुकडा सर्वांत दुर्मिळ असेल तो आधी मागायचा. त्यामुळे दुर्मिळ तुकड्यांच्या प्रती झपाट्याने वाढतात आणि पूर्ण फाइल असलेला मूळ माणूस मध्येच निघून गेला तरी फाइल सहसा अपुरी राहत नाही.

आता द्यायचं कोणाला? इथे कोहेनने चलनाच्या जागी जी युक्ती वापरली ती आपल्या शेतकऱ्यांना नवी नाही. ती सावड आहे. आज माझ्या शेतात तुझे बैल, उद्या तुझ्या शेतात माझे, पैशाचा व्यवहार नाही. बिटटॉरेंटमध्ये प्रत्येक संगणक साधारण चार जणांनाच एका वेळी माल देतो, आणि ते चार म्हणजे त्याला सर्वाधिक वेगाने देणारे. दर दहा सेकंदांनी हिशेब पुन्हा होतो, कोणी हात आखडता घेतला तर त्याची जागा दुसऱ्याला जाते. शिवाय दर तीस सेकंदांनी एका नव्या माणसाला, त्याने काही दिलेलं नसतानाही, संधी मिळते. मोजोमध्ये नवखा रिकाम्या खिशाने दाराबाहेर राहायचा, त्यावरचा हा उपाय. नवखा पहिला तुकडा असा मिळवतो आणि मग त्याच्याकडेही द्यायला काही असतं.

सावड चालते कारण पेरणी सगळ्यांची एकाच हंगामात आणि एकाच शिवारात असते. एकच फाइल एकाच वेळी उतरवणाऱ्यांचंही तसंच आहे: प्रत्येकाकडे दुसऱ्याला हवं असलेलं काही आहे आणि प्रत्येकाला दुसऱ्याकडचं काही हवं आहे. आज इथे कमावून सहा महिन्यांनी तिथे खर्च करायची गरज नसेल तर नाण्याचं काय काम? मोजो नेशनला नाणं लागलं कारण त्यांना काळ आणि जागा ओलांडणारी देवाणघेवाण हवी होती. कोहेनने प्रश्नच असा निवडला की ती लागू नये.

या रचनेची उणीवही तिथेच आहे. स्वतःची फाइल पूर्ण झाल्यावर इतरांना देत राहायला कोणतंच कारण उरत नाही, चांगुलपणा सोडला तर. म्हणूनच जुन्या फाइली हळूहळू मरतात, आणि म्हणूनच काही बंदिस्त गटांनी सभासदाने किती घेतलं आणि किती दिलं याच्या वह्या ठेवायला सुरुवात केली. वही आली की वही ठेवणारा आला.

यंत्रणा चालते याचा पुरावा २००३ मध्ये मिळाला. रेड हॅट लिनक्स ९ ही १.७७ जीबीची प्रणाली प्रसिद्ध झाली तेव्हा पहिल्या पाच दिवसांतच पन्नास हजारांहून अधिक संगणक त्या टॉरेंटवर आले. एरवी अशी गर्दी सर्व्हर पाडते. इथे गर्दी वाढली तसे देणारे हातही वाढले.

मग उद्योग उभा राहिला. २००४ मध्ये कोहेन आणि अश्विन नवीन यांनी बिटटॉरेंट ही कंपनी काढली, २००५ मध्ये डीसीएम या गुंतवणूकदार संस्थेकडून ८७.५ लाख डॉलर आले. पण विकायचं काय? नियम जाहीर होते, कोणीही स्वतःचा प्रोग्रॅम लिहू शकत होता, आणि अनेकांनी लिहिले. बेकायदा प्रतींमुळे हॉलीवूड चिडलेलं होतं. कंपनीने नोव्हेंबर २००५ मध्ये त्यांच्या संघटनेशी समझोता केला, २००७ मध्ये चित्रपट विकण्याचं दुकान उघडलं आणि पुढच्याच वर्षी बंद केलं. टिकाऊ उत्पन्न आलं ते दुसऱ्याने लिहिलेला म्यूटॉरेंट हा लहानसा प्रोग्रॅम २००६ मध्ये विकत घेऊन, त्यावर जाहिराती दाखवून. म्हणजे ज्या वस्तूने इंटरनेटची वाहतूक बदलून टाकली तिच्या जन्मदात्या कंपनीला त्या वस्तूवर कसलाच कर बसवता आला नाही. मला यात अपयश दिसत नाही. कर बसवता आला असता तर तो गोळा करणारा नाका लागला असता, आणि नाक्यावर नोटीस बजावता येते.

उलट याच काळात उरलेला नाकाही दूर झाला. २००५ मध्ये ट्रॅकरशिवाय चालणारी पद्धत आली. तिचा पाया पेतार मायमुंकोव्ह आणि डेव्हिड मॅझिएर यांनी २००२ मध्ये मांडलेली कॅडेमलिया ही रचना. प्रत्येक संगणकाला १६० बिटांचा क्रमांक आणि प्रत्येक फाइललाही त्याच लांबीचा. फाइलच्या क्रमांकाशी ज्यांचे क्रमांक सर्वांत जवळचे, त्यांनी त्या फाइलचे पत्ते सांभाळायचे. कोणीही सगळ्यांना ओळखत नाही, पण प्रत्येक जण आपल्याहून जवळच्या एखाद्याला ओळखतो, त्यामुळे थोड्याच उड्यांत पत्ता सापडतो. तरीही अगदी नव्या संगणकाला पहिला शेजारी कोणीतरी सांगावा लागतो, त्यासाठी ठरलेले दोन-चार पत्ते प्रोग्रॅममध्येच लिहून ठेवतात. केंद्र नाहीसं झालं नाही. ते इतकं लहान झालं की कोणीही दुसरं उभारू शकेल.

२०१८ मध्ये ट्रॉन या क्रिप्टो प्रकल्पाच्या जस्टिन सन यांनी बिटटॉरेंट कंपनी विकत घेतली. पुढच्या वर्षी बीटीटी नावाचं नाणं आलं आणि त्याची सार्वजनिक विक्री काही मिनिटांत संपली. नाणं कशासाठी, तर फाइल पूर्ण झाल्यावरही देत राहणाऱ्याला मोबदला म्हणून. कोहेनने २००१ मध्ये जे काढून टाकलं होतं तेच त्याच्या पश्चात परत आलं.

आणि कोहेन? त्याने स्वतःही नाण्याकडेच मोर्चा वळवला होता. २०१७ मध्ये त्याने चिया नेटवर्क ही कंपनी काढली. बिटकॉइनमध्ये सर्वांच्या व्यवहारांची एकच सामायिक वही असते, आणि तिचं पुढचं पान लिहिण्याचा मान वीज जाळून अंदाज लावणाऱ्या यंत्रांना मिळतो. तो मान डिस्कच्या रिकाम्या जागेला मिळावा, ही चियाची मांडणी. आधी संगणक गणिती कोष्टकांनी भरलेली एक फाइल बनवून ठेवतो, तिला ‘प्लॉट’ म्हणतात, सुरुवातीला ती सुमारे १०१ जीबीची असे. मग दर नऊ-दहा सेकंदांनी जाळ्याकडून एक आव्हान येतं. आपल्या प्लॉटमध्ये त्याचं पुरेसं चांगलं उत्तर आहे का, हे थोडंसं वाचून कळतं. बहुतेक प्लॉट एका चाळणीने आधीच बाजूला होतात, सुरुवातीला ५१२ पैकी सरासरी एकच तपासावा लागे. म्हणून डिस्क बहुतांश वेळ स्वस्थ असते आणि वीज कमी लागते.

पण उत्तर शोधणं स्वस्त झालं की फसवणूकही स्वस्त होते. एखादा माणूस क्षणार्धात शेकडो खोटे इतिहास लिहून पाहू शकेल. त्यासाठी दुसरा घटक काळाचा. ‘टाइमलॉर्ड’ म्हणवणारे संगणक एक असं गणित करतात ज्यात प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या उत्तरावरच उभी असते. हजार संगणक लावले तरी ते लवकर होत नाही. दोन पानांमध्ये खरोखरच वेळ गेला, एवढं त्यातून सिद्ध होतं. ही जोडणी मला फार देखणी वाटते.

परिणाम मात्र देखणा नव्हता. मार्च २०२१ मध्ये जाळं सुरू झालं आणि त्याच वर्षी त्यावरची जागा तीस अब्ज जीबीच्या पुढे गेली. हार्ड डिस्कचा तुटवडा पडला. एक प्लॉट बनवताना तेव्हा डिस्कवर एक टीबीहून अधिक लेखन होई, त्यामुळे साध्या एसएसडी झिजून गेल्या. लोकांच्या पडून असलेल्या जागेवर चालेल असं मानलेलं यंत्र नवी खरेदी करणाऱ्यांकडे गेलं. शिवाय या जागेत कोणाचीच फाइल नसते, फक्त कोष्टकं असतात. मोजो नेशनच्या डिस्कमध्ये निदान कोणाचा तरी मजकूर होता. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेल्या फाइलकॉइनने तो मजकूर परत आणायचा प्रयत्न केला, पण मग मजकूर खरंच तिथे आहे हे वारंवार सिद्ध करण्याची किचकट जबाबदारी साठवणाऱ्यावर आली.

चियाच्या रचनेत केंद्र कुठे आहे ते कंपनीने लपवलेलं नाही. सुरुवातीलाच २ कोटी १० लाख नाणी कंपनीने स्वतःकडे राखून ठेवली. पहिली तीन वर्षं रोज सुमारे ९,२०० नाणी सगळ्या डिस्कवाल्यांना मिळून वाटली गेली, आणि पहिल्या बारा वर्षांत हे प्रमाण दर तीन वर्षांनी निम्मं होत जातं. गुणाकार केला तर लोकांची एकूण कमाई कंपनीच्या साठ्याच्या पुढे जायला वीसहून अधिक वर्षं लागतात. कंपनीचं म्हणणं असं की शेअर बाजारात नोंद होऊन, जाहीर नियमांखाली हा साठा वापरायचा. बिटटॉरेंटच्या वेळी जे जमलं नाही, म्हणजे नियम सर्वांसाठी खुले ठेवून कंपनीने जगायचं कसं, त्याचं हे कोहेनचं दुसरं उत्तर आहे.

दोन उत्तरांमधला फरक दुरुस्तीच्या वेळी कळतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी एकाच ठशाच्या दोन वेगळ्या फाइली बनवून दाखवल्या. ठसे काढण्याची तीच पद्धत, शा-१, बिटटॉरेंट वापरत होतं. नवी, शा-२५६ वापरणारी आवृत्ती लिहून ठेवली गेली. २०२० मध्ये लिबटॉरेंट या मुक्त प्रोग्रॅमसंचात ती आली, आणि जुने-नवे दोन्ही ठसे बाळगणारं टॉरेंट बनवायची सोयही झाली. ज्याला हवं त्याने नवं घेतलं, बाकीचे जुन्यावर राहिले, दोघांचं चालू आहे. चियाने २०२४ मध्ये ती ५१२ची चाळणी २५६ वर आणली तेव्हा असं राहता येत नव्हतं. सर्वांची वही एकच असल्यामुळे एका ठरलेल्या पानापासून प्रत्येकाला नवा नियम लागू झाला, आणि ज्याने प्रोग्रॅम बदलला नाही त्याची डिस्क त्या पानानंतर जाळ्याबाहेर पडली.