अपुऱ्या गोधड्यांचे वर्ष

गोधडी हा लेखाचा विषय होऊ शकतो असे मला साठी उलटेपर्यंत वाटले नव्हते. उभा जन्म मुलांकडून शब्दरूपे घोकून घेण्यात गेला. वर्गात 'कन्था' हा शब्द आला की, "कन्था म्हणजे गोधडी, आकारान्त स्त्रीलिंगी, मालेप्रमाणे चालवावी," एवढे सांगून मी पुढच्या शब्दाकडे वळत असे. ती कन्था प्रत्यक्षात कशी चालते, किती हातांनी चालते आणि कोठे अडते, हे मात्र गेल्या वर्षी लालबागमधील आमच्या चाळीच्या गॅलरीत बसून पाहावयास मिळाले.

प्रारंभ झाला तो नवरात्रापूर्वीच्या साफसफाईत. घटस्थापनेच्या आधी घरातील अंथरुणे-पांघरुणे धुऊन काढण्याचा आपल्याकडील प्रघात वाचकांस ठाऊकच आहे. त्या निमित्ताने पोटमाळे रिकामे झाले, ट्रंका उघडल्या, आणि आमच्या एका मजल्यावर तब्बल नऊ अर्धवट गोधड्या उजेडात आल्या. कोणाची कड तेवढी शिवलेली, कोणाची निम्म्यावर आलेली, तर एकीत सुई जशीच्या तशी टोचलेली व गंजलेली. मजल्यावरील सर्वांत वडील बाई कणकवलीकडच्या. त्यांना लहानथोर सगळे आजी म्हणतात. त्यांनी तेथल्या तेथे निर्णय दिला की, ह्या नऊ पुऱ्या झाल्यावाचून कोणीही नवी गोधडी घालावयाची नाही, आणि आपली आपण एकटीने शिवावयाची नाही. दसरा झाल्यावर दर शनिवारी दुपारी अकरा जणी गॅलरीत बसू लागल्या. ह्या मंडळास नाव नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. चहा मात्र ज्या घरची गोधडी पसरलेली असेल त्या घरचा.

एकटीने का नाही, हे समजण्यास गोधडीची रचना ध्यानात घेतली पाहिजे. नऊवारी लुगड्याची लांबी सुमारे सव्वाआठ मीटर. त्याची चौघडी घातली की दोन-दोन मीटरांचे चार पदर एकावर एक येतात, आणि रुंदी सव्वा मीटरच्या आसपास, म्हणजे नेमकी एका माणसाच्या निजण्यापुरती. जुनेर धुऊन, काठ उसवून, पदर एकावर एक ताणून अंथरावे लागतात. हे ताणणे चारी बाजूंनी एकाच वेळी व्हावे लागते. नाहीतर मधला पदर सैल राहतो आणि पहिल्याच धुण्यात त्याची गाठोडी होतात. कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, पितळी डबा, जे हाताशी येईल ते ठेवतात. मग लांब लांब कच्चे टाके, आणि त्यानंतर धावदोरा. तो कडेपासून सुरू करून फेऱ्याफेऱ्याने आत न्यावयाचा. शेवटचा टाका मध्यभागी पडतो. दहा बाय बाराच्या खोलीत, जेथे कपाट, पलंग आणि शिवणयंत्र ह्यांतून वाट काढावी लागते, तेथे एवढी पसरण होणे नाही. ती जागा सामाईक गॅलरीने दिली, आणि हातही तिनेच दिले. कारण गॅलरीत काही पसरले म्हणजे येणारी-जाणारी थबकते, थबकली की बसते, आणि बसली की तिच्या हाती सुई येते.

त्या नऊ गोधड्या अपुऱ्या का राहिल्या ह्याची कारणे ऐकताना मला गिरणगावाचा इतिहासच ऐकल्यासारखे वाटले. एकीची १८ जानेवारी १९८२ पूर्वीची. त्या दिवशी डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात होते. ह्या बाईंचे बिऱ्हाड चार महिन्यांत गावी गेले आणि गोधडी ट्रंकेत राहिली. पुढे बिऱ्हाड परत आले. गिरणीतील काम परत आले नाही. दुसरीची थांबली ती कापडाअभावी. सुती लुगडी नेसणाऱ्या सासवा गेल्या, सुनांच्या अंगावर नायलॉन-पॉलिएस्टर आले. हे कापड गोधडीस निरुपयोगी. पदर एकमेकांवरून घसरतात, टाका धरत नाही, आणि अंगाचा घाम ते टिपत नाही. ज्या वस्तीने अवघ्या देशासाठी सूत कातले व कापड विणले, त्या वस्तीत गोधडीपुरते सुती जुनेर मिळू नये, ह्याला काय म्हणावे?

आता नववी गोधडी. ती आमच्या घरची.

माझ्या वडील बंधूंचे बिऱ्हाड दादरला. मातोश्री लवकर गेल्यामुळे मला वाढविले ते वहिनींनी. नातवंड येणार असे कळताच त्यांनी आपल्या दोन लुगड्यांची गोधडी घातली. बारीक, एकसारखा, पांढऱ्या दोऱ्याचा टाका. तांदूळ मांडावेत तसा. सहा फेरे झाले आणि त्या गेल्या. नात झाली, चार वर्षांची झाली. गोधडी आमच्याकडे ट्रंकेत पडून राहिली. घरातून तिचा विषय निघाला की मी तो टाळीत असे. सौभाग्यवतीने एका शनिवारी मला न विचारता ती गॅलरीत नेली, तेव्हा मला राग आला हे मी लपवीत नाही. वहिनींच्या टाक्याशेजारी परका टाका पडावा हे मला सोसवेना. शिवाय वरच्या पदराला दोन ठिकाणी कसर लागलेली, म्हणजे एक पदर नवा घालणे भाग होते. आणि दुसऱ्या घरचे जुनेर आपल्या अंथरुणात घालू नये असा आमच्या घरचा जुना दंडक. वहिनी तो कटाक्षाने पाळीत.

समोरच्या खोलीतील बाईंनी आपले एक पातळ पुढे केले. त्यांचे यजमान येथल्याच एका गिरणीत साचेवाले होते; कामगारांना सवलतीत मिळणाऱ्या कापडातून त्यांनी ते आणले होते. यजमान गेले, गिरणीही बंद झाली. पातळ मात्र घडीचे घडी राहिले होते. सौभाग्यवतीने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, निदान जुने टाके उसवून सर्व गोधडी एका हाताने शिवा, म्हणजे दोन तऱ्हा दिसणार नाहीत. त्यावर आजी चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "मास्तरांनू, उसवूचा नाय. खय सोडल्यानी तां दिसांदे." वहिनींनी जेथे सोडले ते दिसू द्यावे, एवढाच त्याचा अर्थ. मी उत्तर दिले नाही. उत्तर मजजवळ नव्हते. कसर लागलेल्या जागा त्या पातळाच्या तुकड्यांनी झाकल्या, तळाशी त्याचाच पदर गेला, आणि सातवा फेरा मुद्दाम निळ्या दोऱ्याने सुरू झाला.

त्याच सुमारास अमेरिकेतील अलाबामा राज्यातील जीज बेंड ह्या खेड्याची हकीकत माझ्या वाचनात आली. तेथील कृष्णवर्णीय स्त्रिया, ज्यांचे पूर्वज गुलाम होते, पिढ्यान्‌पिढ्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत आल्या. १९६६ साली तेथील व आसपासच्या स्त्रियांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली, आणि २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्या गोधड्या भिंतीवर लागल्या. त्यांपैकी मिसूरी पेटवे ह्या बाईंनी १९४२ साली पती निवर्तल्यावर त्याच्या शेतकामाच्या कपड्यांचीच गोधडी केली होती. हे मी शनिवारी वाचून दाखविले. समोरच्या बाईंनी सुई न थांबविता विचारले, "त्यांच्याकडे पण गिरण्या होत्या का?" शेती होती, कापसाची, असे मी सांगितले.

आपल्याकडेही बायकांनी एकत्र येण्याचा हा काही पहिला प्रसंग नव्हे. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव ह्यांनी १९७५ साली ह्याच गिरणगावात अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले व बँकेची दारे त्यांना उघडून दिली. परंतु तेथे चूल पेटण्याचा प्रश्न होता. येथे कोणाचे काही अडलेले नव्हते, म्हणूनच काम सारखे मागे पडे. चैत्र-वैशाखात लालबागच्या बाजारात मिरची-मसाला कुटण्याची झुंबड. त्या खकाण्यात दोन शनिवार ठसक्यातच गेले. मे महिन्यात निम्म्या जणी गावी. पावसाळ्यात गॅलरीत झड येई, आणि दमट जुनेर शिवले तर त्याला कुबट वास राहतो, म्हणून सुया बंद. पुढे गणपती आले. १९३४ पासून येथे बसणाऱ्या राजाच्या दर्शनाची रांग लागली की आम्हा रहिवाशांना भाजी आणावयास जाणेही कठीण, मग गोधडी कसली!

तरी पुन्हा नवरात्र आले तेव्हा नवांपैकी सात पुऱ्या झाल्या होत्या. एक होती नायलॉनची, ती आजींनीच नाकारली. दुसरी त्या गंजलेल्या सुईची. तिच्या मालकीणबाई वर्षभर दुसऱ्यांच्या गोधड्यांवर बसल्या, आपली मात्र त्यांनी एकदाही पसरली नाही. कारण कोणी विचारले नाही. सात गोधड्या कठड्यावर ओळीने वाळत पडल्या त्या दिवशी खालून जाणारी माणसे मान वर करून पाहत होती.

चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत. प्रत्येकास स्वतंत्र न्हाणीघर मिळेल, ह्याचे सर्व बायकांस मनापासून समाधान आहे आणि ते असलेच पाहिजे. मध्यरात्री सार्वजनिक संडासाकडे जाणाऱ्या म्हातारीपुढे गॅलरीचे गोडवे गाणे मला शोभणार नाही. आराखडा पाहताना आजींनी एवढेच विचारले की, जिन्यासमोरची मोकळी जागा किती मीटर आहे. सांगणाऱ्या गृहस्थांना प्रश्नाचे कारण कळले नाही. त्यांनी लिफ्टचे माप सांगितले.

वहिनींची गोधडी पुण्यास पुतण्याकडे गेली. पोर तीवर निजते. निळा फेरा कोठे लागतो ते बोटाने चाचपत राहते, असे सूनबाईंनी कळविले. पहिल्या धुण्यात निळ्या दोऱ्याचा रंग सुटून पांढऱ्या टाक्यांवर उतरला, आता काय करावे, असेही विचारले. घरातून उत्तर गेले आहे की, पुढच्या खेपेस मिठाच्या पाण्यात भिजवावी, आणि पिळू नये.