विजेची मोटार : वही काय सांगते?

वहीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी मारुंजीत राहणारा माझा पुतण्या भेटीस आला. "काका, विजेची मोटार घ्यायचे ठरवले आहे. आमच्याच इमारतीतल्या शेजाऱ्यांनी घेतली. महिन्याला नऊ हजार वाचतात म्हणे. सुरुवातीची रक्कम दुकानाच्या कॅश क्रेडिटमधून उचलतो. तुम्ही फक्त एकदा नजर टाका."

त्याचे शेवटचे वाक्य ऐकून मी चष्मा शोधला. मोटार सात-आठ वर्षे चालणारी वस्तू, तर कॅश क्रेडिट हे मालाच्या उलाढालीसाठी दिलेले खेळते भांडवल. अल्प मुदतीचा पैसा दीर्घ मुदतीच्या वस्तूत अडकला की ऐन हंगामात माल भरायला हात आखडतो. बँकेत असताना अशी कितीतरी खाती मी पाहिली आहेत. म्हणून कर्ज घ्यायचेच असेल तर ते वाहनकर्जच असावे, हे आधी ठरवून आम्ही वही उघडली.

दोन शेजारी, दोन हिशोब

पेट्रोलच्या मोटारीपेक्षा विजेची मोटार, पार्किंगपर्यंतच्या केबलच्या खर्चासह, साडेतीन लाखांनी महाग पडेल असे धरले. विजेच्या वाहनांवर १ ऑगस्ट २०१९ पासून जीएसटी ५ टक्केच आहे. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल मोटारींवरचा जीएसटीही २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे विजेच्या मोटारीचे हे झुकते माप थोडे कमी झाले आहे.

पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि शहरी गर्दीत लिटरला १४ किलोमीटर धरले. विजेच्या एका युनिटला ७ किलोमीटर धरले. विजेच्या दराबाबत मात्र अनेकांची गफलत होते. बिलाची सरासरी काढून उपयोग नाही. घरगुती वीजदर टप्प्यांनी चढतो आणि मोटारीची युनिटे घरच्या वापरावर चढून वरच्या टप्प्यात जातात. म्हणून युनिटला १५ रुपये धरले.

शेजाऱ्यांचा कारखाना चाकणला. रोजची ये-जा ७० किलोमीटर. ३०० दिवसांचे २१,००० किलोमीटर. पेट्रोल १,५६,००० रुपयांचे, वीज ४५,००० रुपयांची. वर्षाची बचत १,११,००० रुपये. जादा गुंतवणुकीवर साडेनऊ टक्के व्याज धरूनही चार वर्षांच्या आत रक्कम वसूल होते. शेजाऱ्यांचे म्हणणे अगदी खरे होते.

पुतण्याचे दुकान चिंचवडला. रोजचे २४ किलोमीटर, वर्षाचे ७,२००. पेट्रोल सुमारे ५३,५०० रुपयांचे, वीज सुमारे १५,५०० रुपयांची. बचत ३८,००० रुपये. आणि साडेतीन लाखांवरचे पहिल्या वर्षाचे व्याजच ३३,२५० रुपये! या गतीने वसुलीस बावीस वर्षांहून अधिक काळ लागेल. बॅटरीची हमी मात्र बहुतेक कंपन्या आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंतच देतात.

सवलतींची बाजू

महाराष्ट्राच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात मोटार वाहन करातून सूट आहे. अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग व समृद्धी महामार्गावर पथकर माफी आहे. खरेदीसाठी वारंवार मुंबईस जाणाऱ्या व्यापाऱ्याने ही रक्कम जरूर मांडावी. तृतीय पक्ष विम्याच्या हप्त्यात १५ टक्के सूट मिळते. पण मोटारीची किंमत जास्त असल्याने स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता वाढतो.

कर्जाच्या व्याजावरील प्राप्तिकराची दीड लाखांपर्यंतची वजावट मात्र ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. विक्रेत्याने आजही ती सांगितली तर हसून पुढे जावे. पेढीच्या नावे व धंद्यासाठी घेतलेल्या विजेच्या मोटारीवर घसारा ४० टक्के, इतर मोटारींवर १५ टक्के. मात्र अनुमानित उत्पन्नाने विवरण भरणाऱ्यास तो वेगळा मागता येत नाही, आणि स्वतःच्या वापराच्या मोटारीवरील जीएसटीची वजावट साधारणपणे कोणासच मिळत नाही.

वहिनींचा प्रश्न

आकडे पाहून पुतण्या हिरमुसला. इतका वेळ शांत बसलेल्या वहिनी म्हणाल्या, "मी रोज सकाळी चौदा नियम धारते. त्यात वाहन आहे, दिशाही आहे. आज किती वाहने, किती दूर, हे आधी ठरवायचे. मोटार घेताना तू हे ठरवलेस का?"

माझ्या सगळ्या आकडेमोडीचे मूळ त्यांनी एका प्रश्नात सांगितले. ज्याची रोजची मर्यादा निश्चित आणि मोठी, त्याला विजेची मोटार खरोखर परवडते. ज्याची मर्यादा लहान, त्याच्यासाठी ती शेजाऱ्याकडे पाहून वाढवलेला परिग्रह ठरते. धूर गल्लीत होत नाही हे पुण्य मोठे. पण आपल्या राज्यात बरीचशी वीज अजून कोळशावर होते, हेही विसरू नये.

पुतण्याने जुनी मोटार आणखी तीन वर्षे वापरायचे ठरवले. दरमहा दहा हजार रुपये तो आवर्ती ठेवीत टाकतो आहे. तीन वर्षांनी व्याज सोडूनही ३,६०,००० रुपये हाती असतील. तेव्हा विजेची मोटार घेतली तरी जादा रकमेसाठी कर्ज काढावे लागणार नाही आणि दुकानाचे भांडवलही शाबूत राहील. शेजाऱ्यांशी बोलणे मात्र वाढले आहे : चिंचवडला त्यांचे काम असेल त्या दिवशी दोघे एकाच मोटारीने जातात.