सोन्याचं लोणी

‘तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं!’ काय ही बिचाऱ्या धुपाटण्याची बदनामी! तुळजापूरला तर भवानीमातेची रोज धुपारती होते.

निखाऱ्यावर गुग्गुळ टाकला की जाळ होत नाही, नुसता धूर निघतो. का बरं? गुग्गुळ म्हणजे झाडाचा डिंक. राखेखालच्या निखाऱ्याला हवा बेताचीच मिळते, म्हणून डिंक भडकत नाही. त्यातली सुगंधी तेलं वाफ होऊन उडतात आणि हवेत गार होऊन त्यांचे बारीक थेंब बनतात. तोच धूर! भडका उडाला तर सुगंधच जळून जाईल.

आणि हो, आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर, म्हणजे जुनं तगर. सुमारे 2000 वर्षांपूर्वी तिथलं कापड गाड्यांतून भडोच बंदरात जायचं. त्याच बंदरातून गुग्गुळही जहाजांवर चढायचा. त्या काळच्या एका ग्रीक पुस्तकात तसं लिहिलंय.

पण धुपाटण्याचा खरा थाट पाहावा तो चीनमध्ये, मिंग बादशहांच्या काळात (1368 ते 1644). काही धुपाटणी चक्क प्राण्याच्या आकाराची, धूर त्याच्या जबड्यातून बाहेर! काहींवर सोन्याचा झगझगीत मुलामा.

आता खरी गंमत. आजी तळपायाला तूप चोळते ती काशाची वाटी आठवा. यांतली काही धुपाटणीही तशाच तांबं आणि कथलाच्या मिश्रणाची. सोनं वितळतं 1064 अंश सेल्सिअसला. कासं त्याआधीच पातळ होतं! मग वितळलेलं सोनं त्यावर ओतणार कसं?

कारागिरांनी सोनं वितळवलंच नाही, पाऱ्यात विरघळवलं! दोन्ही मिळून लोण्यासारखा मऊ, पांढुरका लगदा होतो. तो भांड्याला चोपडायचा आणि भांडं तापवायचं. पारा 357 अंशांना उकळून उडून जातो, सोनं मात्र घट्ट चिकटून राहतं. मग घासून घासून चकाकी आणायची.

युक्ती झकास, पण जीवघेणी. पाऱ्याची वाफ विषारी असते. ती श्वासातून गेली की हात थरथरू लागतात. आता मुलामा बहुतेक विजेच्या साहाय्यानेच देतात, ते बरंच झालं.

घरात जुना, पाऱ्याचा थर्मामीटर फुटला, तर त्या चमकत्या गोळ्यांना हात लावू नका. मोठ्यांना हाक मारा. आणि आईला सांगा, अंगठीला पारा लागू देऊ नकोस. सोनं पांढरं पडेल!