पायलीत धान किती, तांदूळ किती?

एकाच पायलीने आधी धान मोजले आणि मग तांदूळ मोजला, तर पायली दोन्ही वेळा सारखीच भरते. तराजूवर मात्र तांदूळ जड ठरतो. पायली जागा मोजते, तराजू वस्तुमान मोजतो. या दोहोंना जोडणारी राशी म्हणजे घनता.

भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यात हा फरक महत्त्वाचा आहे. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली हे कोष्टक जुन्या पिढीला पाठ असे. शेर मात्र दोन होते. वजनाचा सरकारी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. मापाचा शेर प्रदेशागणिक बदलणारा. १९५६ च्या कायद्याने दशमान वजनमापे आली आणि १ एप्रिल १९६२ पासून किलोग्रॅम देशभर सक्तीचा झाला. आज धानाची खरेदी क्विंटलने होते, स्वयंपाकघरात मात्र वाटीच चालते.

एक लिटरच्या भांड्यात तांदूळ साधारण ८०० ग्रॅम मावतो, धान ५५० ते ६०० ग्रॅम. तांदळाचा दाणा स्वतः पाण्यापेक्षा जड असतो. भांड्यातली दोन-पंचमांशाहून अधिक जागा दाण्यांमधल्या हवेची असते. धानाचा कोंडा हलका आणि खरखरीत असल्याने दाणे एकमेकांना घट्ट बिलगत नाहीत आणि ही पोकळी वाढते. पोकळीसह मोजलेल्या घनतेला स्थूल घनता म्हणतात. रूपांतर तिच्याच आधारे करावे लागते: मिलिलिटरमधील माप गुणिले स्थूल घनता, म्हणजे ग्रॅममधील वजन.

२०० मिलिलिटरच्या सपाट वाटीत पाणी २०० ग्रॅम, तेल सुमारे १८४, साखर १७०, तांदूळ १६० आणि गव्हाचे पीठ साधारण ११० ग्रॅम बसते. बारीक मीठ पाण्याहूनही जड, सुमारे २४० ग्रॅम भरते. पोह्यांचे वजन ते जाड की पातळ यावर ठरते.

पातळ पदार्थांचे आकडे जवळपास स्थिर राहतात, कोरड्यांचे भरण्याच्या पद्धतीवर हलतात. शीग लावलेली वाटी सपाट वाटीपेक्षा जास्त धरते. वाटी ठोकली की दाणे खाली बसतात आणि आणखी मावतात. पिठात हा फरक सर्वाधिक: चाळलेले पीठ फुलते, चेपलेले दाटते. दाण्यातला ओलावाही वजन बदलतो, म्हणूनच धानखरेदीत ओलाव्याची कमाल मर्यादा १७ टक्के ठेवलेली आहे.

परदेशी पाककृतींत आणखी एक अडचण येते. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियाचा २५० चा, तर जपानी राइस कुकरबरोबर येणारा तांदळाचा कप १८० चा. कप कोणता हे कळल्याशिवाय ग्रॅम काढता येत नाहीत.

घरच्या वाटीचे माप काढणे सोपे आहे. रिकामी वाटी तराजूवर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि ती काठोकाठ पाण्याने भरावी. जितके ग्रॅम, तितकेच जवळपास मिलिलिटर. मग वाटी कोरडी करून तांदूळ, डाळ, साखर, पीठ एकेक करून न दाबता भरावे, सुरीने सपाट करावे आणि वजने लिहून ठेवावीत. भरण्याची रीत दरवेळी तीच ठेवली, तर हे घरचे कोष्टक कोणत्याही छापील कोष्टकापेक्षा अधिक भरवशाचे ठरते.