विसार अनिश्चिततेचा

सुरतच्या डिंडोलीत प्लॉट घ्यायचा म्हणजे आधी बाना द्यावा लागतो. धुळे, नंदुरबार, जळगावकडून लूमच्या आणि एम्ब्रॉयडरीच्या कामासाठी येऊन इथे वसलेल्या खानदेशी कुटुंबांना तो विसार म्हणून ठाऊक आहे. समजा, सौदा वीस लाखांचा, विसार पन्नास हजार, मुदत तीन महिने. मुदतीत भाव बावीस लाखांवर गेला तर घेणाऱ्याची चांदी. पडला तर विसारावर पाणी सोडून तो मोकळा. शेअर बाजारातला कॉल ऑप्शन बराचसा असाच असतो. विसाराला तिथे प्रीमियम म्हणतात आणि मुदत संपण्याला एक्सपायरी.

पण विसार पन्नास हजारच का? वीस हजार का नाही?

या प्रश्नाचं आज सर्वाधिक वापरलं जाणारं उत्तर फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी १९७३ मध्ये मांडलं. रॉबर्ट मर्टन यांनी त्याला गणिताची भक्कम बैठक दिली. त्यांच्या सूत्रात पाच गोष्टी लागतात: आजचा भाव, ठरलेला भाव, उरलेली मुदत, व्याजदर आणि भाव किती हेलकावे खातो याचं माप. पहिल्या चार समोर दिसतात, पाचवीचा अंदाज बांधावा लागतो. तेजी येणार की मंदी, याला मात्र सूत्रात जागाच नाही. भाव ठरतो तो अनिश्चिततेचा, आणि नेमकी हीच गोष्ट नव्या खरेदीदाराच्या ध्यानात येत नाही.

हिशेब करून पाहू. समजा, निफ्टी निर्देशांक २५,००० वर आहे, ठरलेला भावही तोच, मुदत सात दिवस, वार्षिक हेलकावा १२ टक्के. व्याज बाजूला ठेवलं तर कॉलची किंमत सुमारे १६५ रुपये येते. बाजार जागचा हलला नाही आणि एकच दिवस उरला, तर तोच कॉल ६३ रुपयांवर येतो. निवडणूक निकालाआधीच्या धास्तीने हेलकाव्याचा अंदाज २४ टक्के झाला, तर सात दिवसांच्या कॉलला ३३० रुपये मोजावे लागतात. दुसऱ्या दिवशी निफ्टी २०० अंकांनी वर गेला, पण धास्ती ओसरून अंदाज पुन्हा १२ टक्क्यांवर आला, तर हातात उरतात साधारण २७५. तेजी ओळखली, तरी प्रत्येक कॉलमागे ५५ रुपये गेले.

मोबाइलवर कॉल ऑप्शन घ्यायला दोन मिनिटं पुरतात. हे गणित समजायला मात्र वेळ लागतो, आणि तो वेळ कोणी देत नाही. बाजार नियामक सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटींहून अधिक. असे सौदे करणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त लोकांनी आपलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत सांगितलं होतं. डिंडोलीसारख्या वस्तीतल्या घरात असा तोटा आला, तर तो मुलांच्या फीमधून किंवा गावाकडच्या घराच्या हप्त्यातूनच भरला जातो.

कॉल विकणाऱ्याची जोखीम वेगळी. त्याला प्रीमियम मिळतो, पण नुकसानीला मर्यादा नसते, म्हणून त्याच्याकडून तारण म्हणून मार्जिन घेतात. किती घ्यायचं, याची भारतातली चौकट १९९८ मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधले प्राध्यापक जयंत वर्मा यांच्या समितीने आखून दिली. जुन्या दिवसांपेक्षा ताज्या दिवसांच्या चढउतारांना जास्त वजन द्यायचं आणि त्यावरून उद्याचा संभाव्य तोटा काढायचा, ही त्यामागची कल्पना. मार्जिन मोजायची शिकागोहून आलेली ‘स्पॅन’ पद्धत बाजाराच्या १६ शक्यता तपासून त्यातली सर्वांत वाईट धरते.

तरीही बाजार कधी कधी मापाबाहेर जातो. ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालादिवशी, निफ्टी जवळपास ६ टक्के कोसळला. आदल्याच दिवशी तो ३ टक्क्यांहून जास्त चढला होता. खुद्द शोल्स आणि मर्टन ज्या एलटीसीएम फंडात भागीदार होते, तो त्यांच्या नोबेलनंतर वर्षाच्या आत बुडण्याच्या बेतात आला. बँकांच्या गटाने ३.६ अब्ज डॉलर ओतून तो सावरला.

सेबीने नोव्हेंबर २०२४ पासून निर्देशांकांच्या सौद्याची किमान किंमत १५ लाख केली आणि प्रत्येक एक्सचेंजला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक एक्सपायरी ठेवायला लावली. तरी २०२४-२५ मध्ये तोट्यात गेलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांचं प्रमाण ९१ टक्केच राहिलं.